यंत्रांना निजवणारे काका

खोलीतून बाहेर पडताना काका दिव्याच्या बटणावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "कुणाला लागतोय का?" मग थांबायचे. उत्तर आलं नाही, तरच दिवा बंद. हे रोज व्हायचं, खोलीत चिटपाखरू नसलं तरी व्हायचं.

"अहो, आत फक्त कपाट आहे," बायको बाहेरून ओरडायची. "ते काय हो म्हणणार आहे?"

"नाही म्हणालं. आता खात्रीनं बंद करतो."

या वेडाचं मूळ धंद्यात होतं. काकांची कंपनी लॅपटॉप बनवायची आणि लॅपटॉपच्या भागांना वेळेवर झोपवणारा प्रोग्रॅम लिहिणं हे काकांचं काम. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राच्या घरातली कर्ती बाई. कॅमेरा, स्पीकर, पंखा, वायफाय, कोण राबतंय आणि कोण नुसतं बसून खातंय यावर तिचा डोळा. रिकामा दिसला की आधी डुलकी, मग झोप, मग गाढ झोप. झोप जितकी गाढ तितकी बॅटरी वाचते, आणि उठायला तितकाच वेळ लागतो. पण कुणालाही झोपवण्याआधी विचारायचं, तू कुणाला लागतोयस का? एकानं जरी हो म्हटलं, तरी हात मागे घ्यायचा. शिवाय ज्याच्या आधारावर बाकीचे चालतात, त्यानं सगळ्यांच्या शेवटी निजायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं.

काकांनी हा नियम पहिल्यांदा घरी समजावून सांगितला तेव्हा बायको भांडी विसळत होती. "हे शोधायला तुम्हाला एवढी मोठी कंपनी लागली?" ती म्हणाली. "माझ्या आईला विचारायचं होतंत."

ऑफिसात त्यांना अंगाईकाका म्हणत. त्यांना ते आवडायचं. निवृत्ती जवळ आली होती आणि येणारा नवा लॅपटॉप त्यांचा शेवटचा. त्यातली झोप आपल्या हातची असावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्याच सुमाराला मोठ्या साहेबांनी नवी हजेरी आणली. साहेब बसायचे वरच्या मजल्यावर, काचेच्या आत, आणि उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना हौस. नव्या हजेरीत सही नव्हती, अंगठा नव्हता. ज्याचं यंत्र जागं तो माणूस कामावर, ज्याचं यंत्र झोपलं तो माणूस रिकामा. आणि यंत्र झोपलं हे हजेरीला कळायचं कसं? काकांच्याच प्रोग्रॅममधून. 'बराच वेळ कुणी हात लावला नाही, निजतो आता' अशी एक खूण यंत्र झोपताना सोडायचं. ती खूण काकांनी बॅटरीच्या भल्यासाठी ठेवली होती. आता ती थेट वरच्या मजल्यावर जाऊ लागली.

सगळ्यांत आधी सापडले ते स्वतः काका. त्यांची कामाची रीत अशी, की दातात पेन्सिल धरायची, समोरच्या भिंतीकडे टक लावायची, आणि दुपार कलली की चार ओळी लिहायच्या. तेवढ्यात यंत्र बिचारं शिकवल्याप्रमाणे गुडूप झोपी जायचं. महिन्याअखेरीस रिकाम्या माणसांची यादी भिंतीवर लागली. पहिलं नाव काकांचं होतं.

"काका, तुम्हीपण करा ना काहीतरी," शेजारच्या टेबलावरची टाचणी म्हणाली. यंत्रं तपासणारी ही मुलगी अंगानं सडसडीत, बोलायला टोकदार, म्हणून टाचणी.

"तुम्हीपण म्हणजे? बाकीचे काय करतात?"

"काही नाही हो," टाचणी म्हणाली आणि स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसली.

नव्या लॅपटॉपची चाचणी सुरू झाली. बाहेरच्यांना देण्याआधी तो ऑफिसातल्या माणसांनीच वापरायचा, असा तिथला शिरस्ता. सगळ्यांना एकेक मिळाला. थोड्याच दिवसांत आकडे आले आणि साहेबांनी काकांना वर बोलावलं.

"दिवसभर टिकेल म्हणून जाहिरात छापून ठेवलीय. दुपारच्या जेवणाला बॅटरी मान टाकते! तुमचं ते झोपवणं चालतच नाहीये. एकही यंत्र झोपत नाही."

"माझं झोपतं," काका म्हणाले.

"तुमचं झोपणारच," साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत चूक शोधा. नाहीतर तो प्रोग्रॅम काढू, आणि मग तुमचं तरी इथे काय काम?"

काकांनी ओळ न् ओळ चाळली. प्रोग्रॅम स्वच्छ होता. पंखा विचारत होता, निजू का? वायफाय विचारत होतं, निजू का? आणि दर वेळी कुणीतरी सांगत होतं, नको, मी आहे. जेवणाच्या सुट्टीतही सांगत होतं. चहाच्या वेळीही.

त्या दिवशी काका चहाला उठले आणि सहज म्हणाले, "किती वाजले रे?" ते स्वतः घड्याळ वापरत नसत. ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वर करून भिंतीकडे पाहिलं. मनगटाकडे कुणीच पाहिलं नाही. काकांनी मग मनगटं पाहिली. एकूण एक मोकळी, आणि प्रत्येकावर पट्ट्याची फिकट खूण.

टाचणी चहा आणायला गेली होती. काकांनी तिचा माऊस उचलला. खाली तिचं घड्याळ उताणं पडलं होतं आणि सेकंदाचा काटा निवांत फिरत होता. काटा हलला की माऊसला वाटे हात हलला, माऊस यंत्राला सांगे बाई इथेच आहे, आणि यंत्र वरच्या मजल्याला कळवे की बाई राबतेय. काकांनी माऊस होता तसा ठेवला. मागे वळून पाहतात तो दारात टाचणी, दोन्ही हातांत कप.

"काका, सांगू नका," ती हळूच म्हणाली. "माझं नाव गेल्या महिन्यात तुमच्याखालीच होतं. तपासताना मला नुसतं बघत बसावं लागतं, हात कशाला लावू? आणि घरी कमावणारी मी एकटी."

"चहा सांडतोय तुझा," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत. सांगितलं तर माणसं जाणार, न सांगितलं तर आपण आणि आपला प्रोग्रॅम.

"मग तुम्हीही ठेवा एक घड्याळ," बायको म्हणाली. "माझं जुनं घ्या."

"ज्याला मी शिकवलं, त्याच्याशी खोटं बोलू?"

"माझ्याशी बोलताना नाही असं काही वाटत!" मग ती जवळ येऊन बसली. "त्या पोरीचं नाव सांगणार?"

"नाही."

"मग जेवून घ्या. ठरलंय तर उगाच उपाशी कशाला?"

शुक्रवारी बैठक झाली. मोकळी मनगटं टेबलाखाली गेली. काका म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये चूक नाही. कुणी मी आहे म्हणालं की यंत्र जागं राहतं."

"कोण म्हणतं?"

काका म्हणाले, "ते राहू द्या. झोपलेलं यंत्र म्हणजे रिकामा माणूस, एवढं धरणं सोडा. आठवड्यात सगळी यंत्रं झोपतील."

"म्हणजे बॅटरी वाचवायला मी माणसांना झोपू देऊ?" साहेब हसले, म्हणून सगळे हसले. मग त्यांनी आकडे वाचून दाखवले. सगळं ऑफिस अखंड राबत होतं, जेवतानासुद्धा. रिकामा असा एकटाच. तेव्हा तो प्रोग्रॅम काढायचा, काकांना आजपासून मोकळं करायचं, आणि जाहिरात बदलायची. 'कधीही न झोपणारा लॅपटॉप.' टाळ्या झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फाशीचा दोरही संन्याशानंच वळून दिला होता.

संध्याकाळी घाईघाईनं निरोपाचा कार्यक्रम झाला. वर्गणी काढून काकांसाठी मनगटी घड्याळ आणलं होतं. दुसरं काही सुचलं नसावं. टाचणीनं ते त्यांच्या हातात बांधलं. सबंध ऑफिसात घड्याळ असलेलं ते एकच मनगट.

काकांनी डबा पिशवीत टाकला, पेन्सिल खिशात. दाराशी आले, सवयीनं बटणावर बोट ठेवलं. माणसं अजून टेबलांवर बसली होती, काही स्क्रीनवर माऊसचे बाण आपोआप थरथरत होते.

"कुणाला लागतोय का?"

इतक्या वर्षांत ऑफिसातल्या कुणी याचं उत्तर दिलं नव्हतं.

"लागतोय, काका," टाचणी म्हणाली. तिच्यामागून आणखी कुणी, मग आणखी कुणी. "लागतोय."

काकांनी बोट काढून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "मग शेवटी जाईल त्यानं बंद करावा."