नदीपलीकडे गेलेला ताप

गुणवंतराव सावली तालुक्यातल्या एका खेड्यात आरोग्यसेवक आहेत. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, हे त्यांचं काम. गावातली पोरं त्यांना पाहिलं की हात पाठीमागे लपवतात. माणूस मोठा गमत्या. पण मागच्या पावसाळ्यापासून त्यांचं हसू आटलंय, आणि का ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दर रोवणीला, म्हणजे भातलावणीला, वैनगंगेपलीकडून, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांतून मजूर आमच्याकडे येतात. त्या टोळीत लालसू होता आणि त्याची पोटुशी बायको सोमारी. तिला थंडी वाजून ताप भरला. लगेच निकाल देणारे किट संपले होते, म्हणून गुणवंतरावांनी रक्ताची काच तालुक्याला पाठवली. तेवढ्यात टोळीच्या गावाहून निरोप आला, पंडुम ठरला. या सणाची तारीख पंचांगात नसते; गायता, म्हणजे गावचा पुजारी, ठरवेल तो दिवस. निरोप आला की हातातलं रोप बांधावर ठेवून घरी जायचं. सगळे गेले.

मग निकाल आला. मलेरिया, तोही मेंदूत चढणारा. गुणवंतरावांनी वर कळवलं. वरचे म्हणाले, बाई पलीकडच्या जिल्ह्याची, त्यांच्या आकड्यात जाईल. पलीकडचे म्हणाले, ताप तुमच्या शेतात आला, तुमच्याच आकड्यात धरा. डासाला हद्द कळत नाही हे ठीक, पण या शहाण्यांना ताप कळू नये? मला अजून चीड येते.

टोळीच्या गावाचं आरोग्य बघणाऱ्या पलीकडच्या दीपाली आशाताईंचा नंबर गुणवंतरावांकडे होता. पण अशी माहिती परस्पर दिली म्हणून त्यांना एकदा नोटीस मिळाली होती. फोन हातात घ्यायचे, परत ठेवायचे. शेवटी त्यांची बायको कमळा म्हणाली, "नोटीस येईन त येऊ द्या. त्या पोरीले कोन सांगन?"

त्यांनी फोन लावला. पंडुमात गाव बंद असतं, बाहेरच्याला आत येता येत नाही, म्हणून शेजारच्या गावात राहणाऱ्या दीपालीला कशाचाच पत्ता नव्हता. ती औषधं घेऊन निघाली आणि गावाच्या शिवेवर उभी राहून हाका मारत राहिली. गावाने तिला आत घेतलं. टोळीतले आणखी काहीजण तापाने पडले होते, ते वाचले. सोमारी आदल्या दिवशीच गेली होती, पोटातल्या लेकरासकट.

यंदा रोवणीला लालसू पुन्हा आला. गुणवंतराव त्याच्यासमोर जायला कचरत होते, तर तोच टोळी घेऊन उपकेंद्रात हजर. सगळ्यांचं रक्त देऊन झाल्यावर त्याने गायत्याच्या घरचा नंबर सांगितला आणि मोबाइलमध्ये घालायला लावला.

"ताप निंगला त आधी इथी सांगजो भाऊ," तो म्हणाला. "साहेबाले मागून सांगजो. साहेब लोकाइचं ठरेपर्यंत माही सोमारी थांबली नाई."