पहिली गाय मास्तरांची

बैलाच्या मानेतली शीर मला सापडत नव्हती आणि मागून कुणीतरी ओरडलं, "धरा रे त्या ज्ञानोबाला!"

मी गुरांचा डॉक्टर. दुष्काळात कडा गावाजवळ एका सहकारी सोसायटीने चारा छावणी काढली होती, तिथे माझी ड्यूटी होती. त्या रविवारी उसाच्या वाढ्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्याचा, ट्रक आलाच नाही. दावणीला जनावरं सारखी हंबरत होती. गावातल्या ज्ञानोबाला ते ऐकवेना. त्याने आपल्या शेतातली, पाण्यावाचून खुरटलेली हिरवी ज्वारी कापली, गाडी भरून आणली आणि फुकट वाटली. लोकांनी पेंढ्या हिसकावून नेल्या.

अशा खुरटलेल्या ज्वारीत विष असतं. सायनाइडच म्हणा. आमच्याकडे त्याला किरळ लागणं म्हणतात. वाळवून घातली तर बहुधा निभावतं. उपाशी जनावराने हिरवी भसाभस खाल्ली, की तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, श्वास कोंडतो आणि ते कोसळतं. इंजेक्शन शिरेतून द्यावं लागतं, तेही ताबडतोब. आमच्या भागात हे कुणाला माहीत नाही? ज्ञानोबालाही होतं. पण समोर उपाशी गुरं दिसली की माणसाचं डोकं चालत नाही.

सगळ्यात आधी पडली ती आमचीच कपिली. मी पोचेपर्यंत संपली होती. माझे वडील, गावाचे रिटायर्ड मास्तर, तिच्याजवळ उभे होते. चर्चमधून थेट आलेले, अंगात उपासनेचा पांढरा सदरा. आई गेल्यापासून त्यांना सोबत होती ती त्या गायीचीच. त्यांच्याजवळ थांबायला मला सवड नव्हती. बाकीची जनावरं पडायला लागली होती.

छावणीचे चेअरमन धावत आले. "डॉक्टर, औषध पुरंल का?"

"सांगता येत नाही. आधी सगळ्यांपुढचा चारा उचला."

"आन् ही माणसं? ज्ञानोबाला जित्ता सोडत न्हाईत."

"पोलिसांना फोन करा."

"केलाय. ते येईस्तोवर काय करू?"

मी पुन्हा शीर चाचपू लागलो. सुई सोडली तर बैल जाणार, नाही सोडली तर कदाचित माणूस.

"का घातलंस रं ह्ये?" एकाने ज्ञानोबाची कॉलर धरली. तो पळतही नव्हता.

"उपाशी व्हती म्हणून..."

तेवढ्यात बाबा काठी आपटत गर्दीत शिरले. "सरका! पहिली गाय माझी मेलीय. पहिला हक्क माझा."

लोक सरकले. ज्याचं आधी गेलं, त्याचा मान आधी. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बाबांची काठी अर्ध्या गावाने शाळेत खाल्ली होती, मीही. देवभक्त खरे, पण थंड डोक्याचे ते कधीच नव्हते. त्यांनी एक मारली असती, तर बाकीचे थांबले नसते.

बाबांनी काठी उचलली, काखेत धरली आणि ज्ञानोबाच्या खांद्याचा आधार घेतला.

"ज्ञाना, मला चालवंना. घरापोतर ने. जेवायचं राहिलंय, तूबी चल."

"मास्तर, मारा मला तुमी."

"मारून गाय उठती का? चल म्हणलं ना!"

वर्गात दरडावायचे तसंच दरडावले. ज्ञानोबा निघाला. म्हाताऱ्याला ढकलल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं, आणि मास्तरांना ढकलणार कोण? दोघं फाटकाबाहेर गेले तेव्हा कुठे मला शीर सापडली.

बरीच जनावरं वाचली. काही गेली. संध्याकाळी घरी आलो तर ज्ञानोबा जेवून गेला होता. आम्ही गावकुसाबाहेरचे ख्रिस्ती; त्याच्या घराण्यात आमच्याकडचं पाणीसुद्धा कधी कुणी प्यालं नव्हतं. बाबा ओसरीवर बसले होते, मांडीवर कपिलीचं दावं घेऊन. हुंदके देऊन रडत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"बाबा, तुम्ही तर त्याला माफ केलंत ना?"

"केलं की. म्हणून दुखायचं थांबतं व्हय?"

पुढे प्रत्येक छावणीत मी लोकांना बजावत आलो, खुरटलेली ज्वारी वाळवल्याशिवाय घालू नका. माफ करा, असं मात्र मी कुणाला सहज सांगत नाही. त्याची काय किंमत मोजावी लागते, ते मी ओसरीवर पाहिलंय.