गुलाब मास्तरांचा चष्मा

गुलाब मास्तर सुईत दोरा ओवायचा असला की चष्मा काढून ठेवायचे. दोरा ओवून झाला, की चष्मा पुन्हा नाकावर. एखादी नवखी बाई हसून म्हणायची, "मास्तर, सारं उलटंच हाय तुमचं." मला मात्र हसू येत नसे. त्या चष्म्याला नंबर नव्हता हे मला ठाऊक होतं, आणि तो त्यांनी कधी घेतला तेही.

देवळीहून आठ-दहा किलोमीटर आत आमचं गाव. मास्तर गावचे शिंपी. दुकान चौकात, मशीनचं तोंड रस्त्याकडे. गळ्यातला टेप शोभेपुरता. माणूस दारात उभा राहिला की माप झालं. शाळेच्या गणवेशासाठी आई मला घेऊन गेली, तेव्हा त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. म्हणाले, "तीन बोटं जास्त सोडतो वयनी. पोरगी दिवाळीपर्यंत वाढते." दिवाळीला तो झगा मला अगदी बरोबर झाला, आणि ही बाब आई पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत होती.

याच नजरेमुळे आसपासच्या दहा गावांत कबड्डीचे सामने असले की पंच म्हणून मास्तरच लागत. "डोळ्याले कायची भीड? जे दिसलं ते दिसलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा आष्टीच्या संघाशी अंतिम सामना होता, आमच्याच मैदानावर. माझा मोठा भाऊ नितीन शेवटच्या चढाईला गेला आणि दोघांना मारून परत आला. गाव नाचायला लागलं. तेवढ्यात मास्तरांची शिट्टी वाजली. दादाची टाच बाहेरच्या रेषेला लागली होती. झालं, आम्ही हरलो. पोरांनी मास्तरांचा उद्धार केला, दादा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी मात्र तो स्वतःच दुकानात गेला. "मास्तर, लागली होती टाच." मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "मले काय सांगतं? मले मालूम हाय." त्यानंतर दोघांचं असं मेतकूट जमलं, की दादा घरी कमी आणि दुकानात जास्त दिसायचा.

दादा गेला त्या दिवशी बाजार होता. नदीतली रेती नेणारे टिप्पर आमच्या शाळेच्या भिंतीला लागून भरधाव जात. दादानं ते दोनदा अडवले होते, अर्ज केले होते. त्या मंगळवारी दुपारी चारला, भर चौकात, टिप्परच्या मालकानं त्याच्या डोक्यात लोखंडी सब्बल घातली. मास्तरांच्या दुकानापासून जेमतेम दहा पावलांवर. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, पण धावत आले ते एकटे मास्तर. कुणाचं तरी शिवायला आलेलं कोरं कापड त्यांनी दादाच्या डोक्याला गुंडाळलं आणि डोकं मांडीवर घेऊन बसले. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी ते त्याच रक्ताच्या कपड्यांनिशी आमच्या अंगणात आले. आईला म्हणाले, "वयनी, मी सांगतो कोर्टात. जे दिसलं ते दिसलं." पोलिसांनाही त्यांनी तसाच जबाब दिला.

बाकीच्या गावाला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. "मी त वांगे निवडून राह्यलो होतो, बाई," एक जण मला तोंडावर म्हणाला. दुसरा म्हणे लघवीला गेलता. मला त्यांचा फारसा राग आला नाही. त्यांच्यावर आमची भिस्त कधी नव्हतीच. आमची भिस्त मास्तरांवर होती.

दोन वर्षांनी मास्तर वर्ध्याच्या कोर्टात साक्षीला उभे राहिले. सरकारी वकिलानं विचारलं, आणि मास्तर म्हणाले, "मान खाली होती साहेब, मशीनवर. गलका झाला तवा वर पाह्यलं. कोण होतं ते दिसलं नाई. नजर कमजोर हाय माही." आईनं पदर तोंडात कोंबला. मास्तरांनी आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पुढे तो टिप्परवाला सुटला.

साक्षीनंतर आठवडाभरातच मास्तरांच्या नाकावर काळ्या काडीचा चष्मा आला. शिट्टी खुंटीला गेली. सामन्याला बोलवायला कुणी आलं की म्हणायचे, "नजर कमजोर हाय." खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आपलं खोटं असं दिवसभर नाकावर वागवणारा माणूस हा एकच पाहिला.

मग माझं लग्न ठरलं. ब्लाउज मी मुद्दाम वर्ध्याला शिवायला टाकले. लग्नाला चार दिवस असताना मास्तरांची मुलगी वैशाली, माझी वर्गमैत्रीण, एक पुडकं घेऊन आली. आत मोरपंखी ब्लाउज होता. मी दार लावून घालून पाहिला. कोर्टाच्या दिवसापासून मी मास्तरांसमोर उभी राहिले नव्हते. रस्त्यानं जाता-येता त्यांनी पाहिलं असेल तेवढंच. तरी खांदा, बाही, पाठ, कुठे बोटभर कमी-जास्त नाही. नजर कमजोर असलेल्या माणसानं शिवला होता तो! कोर्टात आलं नव्हतं तेवढं रडू मला तेव्हा आलं. ब्लाउज उतरवून, घडी घालून मी वैशालीच्या हातात ठेवला. "तुह्या बाबाले सांग, माप बराबर घेतलं."

वैशाली खालीच बसली. "सुमे, साक्षीच्या आठ दिवस पयले तो टिप्परवाला दुकानात आलता, जमानतीवर होता ना. शर्ट शिवायचं निमित्त. बाबाले म्हने, पोरगी रोज सातच्या एसटीनं नर्सिंगले जाते ना? एकटीच जाते ना? बस, येवढंच बोलला."

मला कळलं. कळल्यानं राग गेला, असं मात्र झालं नाही. मास्तरांनी साक्षीआधी एकदा आमच्याकडे यायला हवं होतं. आईनंच सांगितलं असतं, "नका बोलू मास्तर, पोरगी सांभाळा." एक लेकरू गमावलेली बाई दुसऱ्याच्या लेकराचं वाईट चिंतेल, असं त्यांना वाटलं कसं? आम्हाला त्यांनी तेवढंही ओळखलं नाही, हे मला अजून सलतं.

लग्नानंतर मी नालवाडीत राहते. मागच्या उन्हाळ्यात माहेरी गेले असताना मास्तर घरी आले. फार खंगले होते. आई तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसून त्यांनी चष्मा काढला आणि जमिनीवर ठेवला.

"वयनी, मले दिसलं होतं. पयला वार मागून होता. नितीननं वळून पाह्यलं, अन् मंग..."

"मास्तर," आईचा हात सुपातून हलला नाही. "चष्मा लावा. आता काऊन पाहून राह्यले?"

मास्तरांनी चष्मा लावला. मी केलेला चहा अर्धा प्याले आणि गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

दिवाळीनंतर ते वारले. मला जायचं नव्हतं, आईनं नेलं. अंगणात अख्खं गाव जमलं होतं, वांगी निवडणारासुद्धा. मास्तरांना तिरडीवर ठेवलं होतं आणि सवयीचा म्हणून कुणीतरी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला होता. आई गर्दीतून वाट काढत पुढे गेली. तिनं दोन्ही हातांनी तो चष्मा काढला, वैशालीच्या हातात दिला आणि मास्तरांच्या तोंडाशी वाकली.

"नितीन भेटन तुमाले तिथं," ती म्हणाली. "त्याच्यापुढं हा नका लावू."