आठ सेकंदांचं हसू

द्रोणागिरीतल्या एका गोदामाला आग लागून दोन कामगार गेले, ती बातमी वाचताना मी हसले. निर्माता माझ्या कानातल्या इअरपीसमधून आमच्याच वार्ताहराची नक्कल करत होता आणि आगीची दृश्यं संपून कॅमेरा माझ्यावर आलाय हे मला कळलं नाही. आठ सेकंद. पण हसले, हे खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलला आमच्या सोसायटीच्या गेटवर सात कॅमेरे उभे. त्यांच्यासोबतच्या एका वार्ताहर मुलीला माईक कसा धरायचा हे मीच शिकवलं होतं. ती ओरडून विचारत होती, "मॅडम, काल झोप कशी लागली?" प्रश्नही माझाच. किती जणांच्या दारात मी तो विचारला असेल. तेव्हा धारदार वाटायचा. गेटच्या आतून ऐकताना नुसता बाष्कळ वाटला.

आमचे सेक्रेटरी दर गणपतीत मला आरतीला पुढे उभं करून फोटो काढून घ्यायचे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि खाली जाऊन सांगितलं, "बाई पहिल्यापासूनच तोऱ्यात असायच्या." संध्याकाळपर्यंत ते तीन वाहिन्यांवर माझे निकटवर्तीय झाले होते. उलव्याला माझ्या आत्याच्या अंगणातही एका वाहिनीची गाडी पोचली. आत्या म्हणाली, "आमी काय नाय बोलणार. पानी प्या न् जा." त्याचं 'कुटुंबाचं सूचक मौन' झालं.

मग आमच्या संपादकांचा फोन. "प्राइम टाइमला माफी माग. साधी साडी नेस. थोडी रडलीस तर बरं दिसेल."

"त्या दोघा कामगारांच्या घरी आपलं कोणी गेलंय का?"

"तो विषय मागे पडला गं."

मी एकटीच गेले. गेलेल्यांपैकी एकाची बायको गोदामांच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहत होती. तिने विचारलं, "कंपनीकडून आलात का?"

"नाही. मी टीव्हीवर बातम्या देते. तुमची बातमी सांगताना हसले, म्हणून माफी मागायला आले."

तिला काहीच ठाऊक नव्हतं. "घरात एकच फोन, तो त्यांच्याच खिशात होता, ताई," ती म्हणाली. तोवर तिच्या दारात एकही कॅमेरा गेला नव्हता. गोदामाच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हेही तिनेच सांगितलं. आगीतून सुटलेल्या दोघांनी तिच्यासमोर त्याला दुजोरा दिला.

मी सगळं लिहून संपादकांना दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "पण यात तू रडतेस कुठे?"

त्याच दुपारी मी राजीनामा दिला. 'हसऱ्या अँकरचा पळ' अशी पट्टी आमच्याच वाहिनीने सगळ्यांच्या आधी चालवली. कुलपाची बातमी शेवटी इथल्याच एका साप्ताहिकाने घेतली, तिसऱ्या पानावर, आणि तीन आठवड्यांनी गोदामाच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी माझ्या गेटवरच्या त्या सातही कॅमेऱ्यांना एका नटाच्या घटस्फोटाचं काम होतं.