फाटकातले फादर

फादरांच्या गळ्यात हार टिकत नसे. कुणाला वांगं मानवत नाही, कुणाला दुपारची झोप मानवत नाही, तसा त्यांना हार मानवत नसावा. हार पडला की ते मान लववून नमस्कार करत, आणि मान वर येईपर्यंत तो शेजारच्याच्या गळ्यात गेलेला असे. शेजारी बहुधा मीच उभा असे, कारण शाळेत मराठी शिकवण्याबरोबर सूत्रसंचालनही माझ्याकडे आहे. फादरांच्या कारकिर्दीत माझ्या गळ्यात जितके हार पडले, तितके माझ्या लग्नातही पडले नव्हते.

आमची शाळा ख्रिस्ती मिशनची. मुलं मात्र आसपासच्या शेतकऱ्यांची, भाजीवाल्यांची, दुकानदारांची. दर तीन-चार वर्षांनी मुख्याध्यापक बदलतात आणि जूनअखेरीस शाळा उघडते त्या दिवशी नव्यांचं स्वागत होतं. या स्वागताची रीत ठरलेली होती. पाहुणे मंडपात, मुलं उन्हात, आणि प्रमुख पाहुणे अजून घरी. ते येईपर्यंत मुलांनी उभं राहायचं, आल्यावर टाळ्या वाजवायच्या, आणि टाळ्यांनंतर कुणाला भोवळ आली तर त्याला ग्लुकोज द्यायचं. प्रमुख पाहुणे म्हणजे पालक संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांचं बी-बियाण्यांचं मोठं दुकान आहे आणि उशिरा येण्याला ते मोठेपणाचं लक्षण समजत.

फादर मूळचे वसईचे. ठेंगणे, गोल, पायात साध्या चपला. पहिल्या दिवशी सकाळी मी त्यांचा परिचय लिहून नेला. त्यात ‘ज्ञानतपस्वी’ होतं, ‘व्यासंगी’ होतं आणि ‘ज्यांच्या पदस्पर्शाने’ तर दोनदा होतं. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि परत दिला.

“कोण आहेत हे गृहस्थ? भेटायला आवडलं असतं,” ते म्हणाले.

मग ते मैदानावर गेले, मंडपाकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि शिपायांना सांगून पाहुण्यांच्या खुर्च्या उन्हात मांडल्या आणि मुलांना मंडपात बसवलं. आप्पासाहेब आले तेव्हा त्यांची खुर्ची तव्यासारखी तापली होती.

“हे काय हो फादर?”

“मुलं आधी आली होती. ज्याने त्याने आपापली जागा पाहून घेतली.”

आप्पासाहेबांनी कंबरेएवढा झेंडूचा हार काढला. फादर म्हणाले, “थांबा जरा. सगळे आले का?” मी म्हणालो, धाडची मुलं तेवढी यायची आहेत, पण ती बाहेरच थांबतात.

ते ‘बाहेरच थांबणं’ समजावून सांगायला हवं. आमचं फाटक घंटेबरोबर बंद होई. धाडहून येणारी पहिली एसटी घंटेनंतर पोचे. गाडीचा दोष नव्हता, ती तिच्या वेळेवर येई. शाळेची वेळ आधीची होती, आणि दोघींनी आपलं वेळापत्रक एकमेकींना विचारून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे धाडची मुलं दुसरा तास सुरू होईपर्यंत रस्त्यावर उभी असत. आम्ही याला शिस्त म्हणत असू.

“मग स्वागत कुणाचं करायचं?” फादर म्हणाले आणि जाऊन फाटकात उभे राहिले. मागे हार घेऊन आप्पासाहेब, त्यांच्या मागे सगळी शाळा. एसटी आली. मुलं उतरली, आणि शेवटी सातवीतली कोमल आणि तिचे वडील. वडील धाडला भाजीपाला पिकवतात. ते सरळ माझ्याकडे आले.

“सर, पोरीचा दाखला देऊन टाका. रोज रोडवर उभी राह्यते, येणारे-जाणारे पाह्यतात. त्यापरीस घरी राह्यलेली बरी.”

“दुसऱ्या कुठल्या शाळेत घालणार?” फादरांनी विचारलं.

“दुसरी कुठली? घरी म्हणतो ना मी.”

कोमल फाटकाच्या गजाशी खेळत होती. फादर म्हणाले, “उद्या ती रस्त्यावर उभी दिसली, तर दाखला मी स्वतः घरी आणून देईन. नाही दिसली, तर पुढच्या वर्षी मागा.” मग ते मागे वळले आणि त्यांनी शाळेला उद्देशून भाषण केलं. माझ्या ऐकण्यातलं ते सर्वांत छोटं अध्यक्षीय भाषण. “आता सगळे आले. सगळ्यांचं स्वागत. चला वर्गात.” आप्पासाहेबांचा हार त्यांनी गळ्यात पडू दिला आणि नमस्कार करता करता एसटीच्या ड्रायव्हरला घातला. ड्रायव्हर तो हार घालूनच पुढच्या खेपेला गेला.

दुसऱ्या दिवसापासून घंटा धाडची गाडी आल्यावर होऊ लागली. तोवर फादर फाटकात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला “या” म्हणत. पहिलीतल्या पोरालाही “या”. काही दिवसांत पहिलीतली पोरं उलट म्हणू लागली, “हाव, आलो. तुमी बसा.” उंद्रीहून नातवाला सोडायला आलेली एक आजी त्यांना फादर महाराज म्हणे. तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “महाराज, तुमी लग्न काऊन नाही केलं?” फादर गंभीरपणे म्हणाले, “मी थांबलो होतो आजी, कुणी आलंच नाही.” आजीला त्याचं इतकं वाईट वाटलं, की पुढच्या खेपेला ती ठेच्याचा डबा घेऊन आली. वसईच्या माणसाने तो घोटभरही पाणी न पिता संपवला आणि त्या दिवशीची प्रार्थना डोळ्यांत पाणी आणून म्हटली. मुलांना ती भक्ती वाटली.

गावातले पालक मात्र कुरकुरू लागले. पालक संघाची बैठक आप्पासाहेबांनी बोलावली आणि रिवाजाप्रमाणे ते स्वतः सर्वांत शेवटी आले.

“एका गाडीपायी सारी शाळा थांबून राह्यली, फादर. हे काही बरोबर नाही.”

“आप्पासाहेब, तुमच्यासाठी आम्ही आत्ता किती वेळ थांबलो?”

“आता मले कामं असतात.”

“असणारच. पाहुण्यासाठी थांबायची या शाळेची परंपरा मी मोडलेली नाही. फक्त पाहुणे बदललेत.”

कुणीतरी हसलं. बहुधा मीच. आप्पासाहेबांनी ते ध्यानात ठेवलं आणि तक्रार वर नेली. धर्मप्रांतातल्या सगळ्या शाळा ज्यांच्या हाताखाली असतात, त्या मोठ्या फादरांकडे. त्यांचा निरोप आला की दिवाळीआधी येऊन पाहतो, आणि फाटकाचा निकाल तेव्हाच लावतो. निकाल जुन्यासारखा लागला तर कोमलचा दाखला जाणार, हे फादरांना आणि मला ठाऊक होतं. ती आता रोज गाडीतून उतरल्यावर धावायची. फाटक उघडं असूनही धावायची.

फादर शांत होते. मोठे फादर धाडच्या बाजूनेच येणार होते. त्यांना आमच्या फादरांनी फोनवर सांगितलं, “मोटार धाडलाच ठेवा आणि पहिल्या एसटीने या. रस्त्याचं काम चालू आहे, एसटीवाल्यांना खड्डे नावानिशी माहीत आहेत.” रस्त्याचं काम खरंच चालू होतं. आमच्याकडे ते नेहमीच चालू असतं, त्यामुळे फादरांना खोटं बोलावं लागलं नाही. आप्पासाहेबांना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, की पाहुणे सकाळी येतील.

त्या सकाळी आप्पासाहेब जन्मात पहिल्यांदा वेळेवर आले. बँड, हार, फेटा, सगळा सरंजाम फाटकात. घंटेची जुनी वेळ झाली. फादरांनी अदबीने विचारलं, “घंटा देऊ का?”

“काऊन घाई करता? पाहुणा यायचा हाय ना.”

“सगळी शाळा थांबलीय.”

“थांबू द्या. एवढ्या मानाच्या माणसासाठी थांबाच लागते.”

“सर,” फादर मला म्हणाले, “हे वाक्य विसरू नका.”

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं. “घ्या, आली तुमची धाडची गाडी. बँडवाले, वाजवू नका रे, हे ते नाहीत.” गाडीतून कोमल उतरली. तिच्या हातात एक काळी बॅग होती आणि बॅगेच्या मागून मोठे फादर उतरले. बँडवाल्यांना काय करावं सुचेना, तेव्हा सनईवाल्याने एकट्यानेच सुरुवात केली.

“या मुलीने मला जागा दिली,” मोठे फादर म्हणाले. “सारखी पुढे वाकून रस्ता पाहत होती. का, म्हणून विचारलं. म्हणाली, ‘गेट आता बंद नसते होत, पण भेव जात नाही.’” मग ते आप्पासाहेबांकडे वळले. “तुमची तक्रार कशाबद्दल होती?”

आप्पासाहेबांनी हाराकडे पाहिलं, बँडकडे पाहिलं, आणि आपण अर्धा तास कोणत्या गाडीची वाट पाहत उभे होतो हे त्यांच्या लक्षात आलं. ते दुकानदार होते. तोट्यातला माल कधी सोडायचा ते त्यांना कळे.

“तक्रार नाही फादर, सूचना होती. लेकरं गाडीसाठी थांबतात, तर इथं सावली पाह्यजे म्हणत होतो मी.”

सावली झाली. फाटकापाशी पत्र्याची शेड आहे, आणि तिच्यावर आप्पासाहेबांचं नाव इतकं मोठं रंगवलंय, की मुलं पत्र्याच्या सावलीत बसतात की नावाच्या, ते सांगणं कठीण.

कोमलच्या वडिलांनी नंतर दर जूनमध्ये यायचं, फादरांनी विचारायचं, “दाखला देऊ?” आणि त्यांनी म्हणायचं, “राहू द्या औंदा.” कोमल दहावी झाली, त्याच उन्हाळ्यात फादरांची बदली आली. आम्ही शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं ठरवलं. मानपत्र मी लिहिलं होतं आणि त्यात ‘पदस्पर्श’ नव्हता. समारंभ अकराला होता. त्या सकाळी फादर नेहमीसारखे फाटकात उभे राहिले. सुटीतल्या वर्गाला येणारी मुलं उतरली, त्यांना “या” म्हणाले, आणि त्याच एसटीने आपली पिशवी घेऊन परत गेले. अकरा वाजता व्यासपीठावर आप्पासाहेब, हार आणि मी, असे तिघेच होतो. हार शेवटी माझ्याकडेच आला.

यंदा नव्या सिस्टर आल्या आहेत. उंच, चष्मा, हातात घड्याळ. पहिल्या दिवशी त्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला विचारलं, “वेळ होऊन गेली. घंटा का होत नाही?”

मी प्रास्ताविक जुळवू लागलो. सूत्रसंचालकाला प्रास्ताविकाशिवाय बोलता येत नाही. शेडखाली, स्वतःच्या नावाच्या बरोबर खाली, आप्पासाहेब उभे होते. रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले,

“जरा थांबा सिस्टर. सगळे यायचे हायेत अजून.”