शंखजिऱ्यातले धागे

सयाजी कोल्हापूरच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याचं काम दगडांच्या पेट्या पुसण्याचं होतं. पुढं तो दगड कापायला शिकला. कापलेली चकती काचेवर चिकटवायची आणि उजेड आरपार जाईल इतकी पातळ होईतोवर घासायची. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं. दहावी नापास माणूस, पण परीक्षा आली की पोरं अडलेला दगड घेऊन त्याच्याकडंच यायची.

त्याची थोरली बहीण तानाबाई हातकणंगल्याकडं एका पावडरीच्या गिरणीत अठरा वर्षं कामाला होती. पांढरा मऊ दगड दळायचा, चाळायचा, पोत्यात भरायचा. गेल्या वर्षापासून तिला धाप लागायला लागली. उंबऱ्यापासून नळापर्यंत जायचं तर मध्ये बसावं लागे. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, "धूळ कसली होती?"

"शंखजिरं की," तानाबाई म्हणाली. "लोक तोंडाला लावत्यात त्ये. त्यानं काय हुतंय?"

तिच्या खिडकीत त्या दगडाचा एक तुकडा पडला होता. धूळ उडू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून तो सयाजीनं प्रयोगशाळेत आणला.

नख लावून बघितलं. साबणात रुतावं तसं रुतलं. शंखजिरंच होतं. पण एका कडेला रेशमासारखी चमकणारी शीर होती, तिथं नख घसरलं. पाण्यात बुडवून चिमट्यानं ओढली तर केसासारखे धागे सुटले. वाकले, पण तुटले नाहीत. ॲसिडचा थेंब टाकला, फसफसलं नाही, म्हणजे चुनखडी नव्हती.

मग चकती घासायला घेतली. दोन दिवसांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा शिरेच्या जागी बिनरंगाच्या लांब सुया दिसल्या. वरचा ध्रुवक, म्हणजे उजेड गाळणारी काच, सरकवताच सुया निळ्या-पिवळ्या रंगांनी उजळल्या. शंखजिरंही असंच उजळतं, पण त्याचा पापुद्रा भिंगातल्या उभ्या रेघेशी सरळ आला की विझतो, काळा पडतो. सयाजी चकती हळूहळू फिरवू लागला. सुई रेघेशी सरळ आली, तरी उजळच. आणखी पंधरा-सोळा अंश फिरवल्यावर काळी पडली. दुसरीचं तेच. एक सरळ विझली आणि त्याला क्षणभर बरं वाटलं. पुढच्या सहा सरळ विझल्या नाहीत.

"मॅडम, जरा बघता का? माझं चुकलं असंल."

इरावती मॅडम विभागात शिकवायच्या. त्यांनी चकती बघितली, धागे तपासणीच्या तेलात बुडवून पुन्हा बघितले.

"चुकलं नाही, सयाजीमामा. नाव तुम्हीच सांगा."

"ट्रेमोलाइट," तो म्हणाला. "धाग्याचं." आणि स्टुलावर बसला.

धाग्यांचं ट्रेमोलाइट म्हणजे ॲसबेस्टॉस. एकदा छातीत गेलं की बाहेर येत नाही. दरवर्षी दारात उभं राहून त्यानं हा तास ऐकला होता.

संध्याकाळी त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आक्का, रडू नगंस."

"रडतोय कोण? तितं गिरणीत विठाबाई हाय अजून. अंबूबाई हाय. त्यास्नी सांगितलंस व्हय?"

"न्हाय अजून."

"मग हितं काय बसलाईस? रिक्षा बोलीव सकाळी. मीबी येतो."

दगडात काय सापडलं ते लिहिलेला मॅडमच्या सहीचा कागद घेऊन दोघं गिरणीच्या दारात गेले. मालक म्हणाला, माल बाहेरून येतो, मला काय ठाऊक? तानाबाई बायकांच्या पुढ्यात एका पोत्यावर टेकली. तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. राहिलेलं सयाजी बोलला. काही जणींनी ऐकलं, दोघी हसल्या. विठाबाईनं मात्र चाळण खाली ठेवली. आठवड्यात नऊ बायकांनी छातीचे फोटो काढून घेतले आणि कागद कामगार कार्यालयात गेला. तपासणी झाली, त्या दगडाचं दळण बंद पडलं. दोघींच्या फोटोत डाग निघाले.

श्रावणात तानाबाई गेली.

तेरावा करून सयाजी कामावर आला. दुपारी प्रयोगशाळेच्या दारात विठाबाई आणि आणखी तिघीजणी उभ्या होत्या. त्यांना दुसऱ्या गिरणीत काम मिळत होतं. विठाबाईनं पदराखालून ओली पिशवी काढली.

"तितला दगड हाय," ती म्हणाली. "कामावर जायच्या आदी बगून सांगा."

सयाजीनं त्यांना बाकावर बसवलं आणि दगड उजेडात धरला.