‘सांगू नका’ अशी नोंद

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला कामावर सगळे ‘बत्तीशी’ म्हणत. दंतवैद्यांकडून मापं यायची, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि कुणाच्या तरी जेवणाची सोय व्हायची. तळघरातली लांबट खोली, पॉलिशच्या यंत्राची घरघर, भुवयांवर पांढरी भुकटी. दिवसभर दातांत वावरणारी ही बाई स्वतः क्वचितच हसायची. मालक म्हणायचे, “लोकांना बत्तीशी वाटते आणि स्वतःची कुलपात ठेवते.” तिला राग येत नसे. टोपणनावाचा एक फायदा होता, खरं नाव कुणी विचारत नसे.

तो फायदा तिला हवाच होता. काही वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या घरातून नेसत्या कपड्यांनिशी निघाली होती. तो मारायचा. मारून झालं की तिचं डोकं मांडीवर घेऊन थोपटायचा, आणि तिला त्या थोपटण्याचीच जास्त भीती वाटायची. तिने गाव बदललं, फोन नंबर बदलला, सासरच्यांना ताकास तूर लागू दिली नाही. नवा पत्ता ठाऊक होता तो फक्त धाकट्या बहिणीला, घरमालकिणीला आणि बँकेला, कारण पगार जुन्याच खात्यात जमा व्हायचा. पत्ता बदलायला गेली तेव्हा तिने काउंटरवरच्या बाईंना सांगितलं होतं, “हा कुणालाही देऊ नका. नवऱ्याला तर अजिबात नको.” बाईंनी काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, “नोंद केलीय. निर्धास्त राहा.”

ती निर्धास्त राहिली.

एका संध्याकाळी भाजी घेऊन ती जिना चढली, तर तिच्या दाराशी वरच्या पायरीवर तो बसलेला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फळांची पिशवी.

“आलीस? दमली असशील.”

ती एक पायरी मागे सरली.

“घाबरतेस काय? बँकेत फोन केला होता. किती चांगली माणसं असतात गं. विचारलं की सांगतात.”

तो उठला, पिशवी दाराच्या कडीला अडकवली, तिला धक्काही न लावता बाजूने उतरून गेला. जाताना म्हणाला, “येईन परत.”

एवढंच झालं. शेजाऱ्यांना सांगायला जावं तर काय, एक नवरा बायकोसाठी फळं घेऊन आला होता. ती आत गेली, दार लावलं, भाजी निवडली, धुतली, आणि गॅस न पेटवता तशीच ओट्याशी उभी राहिली.   भाजीचं पाणी निथळून ओट्यावरून खाली ठिबकत होतं, ते ती बघत राहिली.

फोन केल्यावर बहीण सकाळी धावत आली. “ताई, रड तरी.”

“येत नाही.”

“मग शिव्या दे.”

“कुणाला?”

शेवटी शिव्या बहिणीनेच दिल्या, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून. मग दोघींनी सामान बांधलं आणि ती बहिणीकडे राहायला गेली. पोलिसांत तक्रार झाली, त्याने जवळपास फिरकू नये असा कोर्टाचा हुकूमही निघाला. सांगतील तिथे बत्तीशी सही करत गेली. कामावर जाणं तिने सोडलं नाही. तिथलं त्याला काही माहीत नाही असं ती धरून चालली होती, आणि मेणात दात बसवताना डोकं लागतं ते फक्त दातांपुरतं.

बँकेच्या मॅनेजरने दोघींना आदराने बसवलं, पाणी मागवलं.

“आमच्याकडून अशी माहिती बाहेर जाणं शक्यच नाही. तुमच्याच माणसांपैकी कुणी बोललं असेल, आठवून बघा.”

“तो स्वतः म्हणाला, बँकेत फोन केला म्हणून.”

“नवरा-बायकोच्या भांडणात माणूस काहीही बोलतो हो.”

“म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!” बहीण उसळली. मॅनेजर हसला आणि चौकशी करतो म्हणाला. पुढे बँकेचं उत्तर आलं, चौकशीत काहीही गैर आढळलं नाही, तरीही झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

‘तुमच्याच माणसांपैकी’ हे मॅनेजरचे शब्द मात्र घरात शिरले. एकदा चहा घेता घेता बत्तीशीने विचारलं, “तू नाही ना कुठे बोललीस? चुकून?” बहिणीने कप खाली ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस ती ताईशी कामापुरतंच बोलली. डबा मात्र रोज भरून देत होती. बत्तीशीला कळत होतं की आपण माफी मागायला हवी. पण माफी मागण्यासाठी आत काहीतरी हलावं लागतं, ते हलत नव्हतं.

लोकांच्या खासगी माहितीच्या तक्रारी बघणारं एक सरकारी कार्यालय होतं. तिथे तिने तक्रार केली. वकील केला नाही. दर वेळी नव्या टेबलावर तीच हकीकत सांगताना ती ओळखीच्या कुठल्याशा बाईची गोष्ट सांगावी तशी सांगायची. एक कारकून तर म्हणाला, “तुम्ही फारच शांत आहात हो.” त्याला तिची शंका येत असावी.

कार्यालयाच्या अधिकारी बाईंनी बँकेकडून फोनचं रेकॉर्डिंग मागवलं. बँकेने आधी सापडत नाही म्हटलं, मग सापडलं. सुनावणीच्या खोलीत एका बाजूला मॅनेजर आणि बँकेचा वकील, दुसऱ्या बाजूला या दोघी. बाईंनी रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्याचा आवाज मधाळ होता. बायको आजारी आहे, औषधं पाठवायची आहेत, तिचा नवा पत्ता हरवला. बँकेतल्या मुलीचा आवाज कोवळा. ती अडखळली. “पण सर, इथे नोंद आहे. कुणाला सांगू नका अशी.”

“अगदी बरोबर,” तो म्हणाला. “मीच करायला लावली ती. बाहेरच्या लोकांसाठी. मी नवरा आहे तिचा.”

मुलीने पत्ता वाचून दाखवला. सावकाश, त्याला लिहून घेता यावा म्हणून. मग त्याने विचारलं, ती अजून तिथेच कामाला आहे ना? आणि मुलीने, पगार जिथून जमा होतो त्या कवळ्यांच्या कारखान्याचं नावही सांगितलं. शेवटी म्हणाली, “काळजी घ्या त्यांची.”

बहिणीने तोंडात पदर कोंबला. बत्तीशी टेबलाच्या कडेकडे बघत होती. म्हणजे कामाचं ठिकाणही त्याला ठाऊक होतं. इतके महिने ती रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळेला जात-येत होती.

वकील म्हणाला, “मुलगी नवीन होती. तिला कामावरून काढून टाकलं आहे.”

“कधी काढलं?” बत्तीशीने विचारलं. ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. “मी तुमच्याकडे आले त्याच्या आधी की नंतर?”

वकिलाने मॅनेजरकडे पाहिलं. अधिकारी बाई म्हणाल्या, “उत्तर द्या.”

“त्यानंतर लगेच,” मॅनेजर पुटपुटला.

“म्हणजे काही आढळलं नाही असं मला कळवलंत, तेव्हा तुम्ही हे ऐकलं होतं.”

मॅनेजर समोरचे कागद सारखे करू लागला. बाईंनी दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याने मान हलवली. हो.

“मला घरच्या माणसांवर संशय घ्यायला सांगितलंत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी घेतला.”

निकाल तिच्या बाजूने लागला. सगळं त्या मुलीवर ढकलून बँकेला हात झटकता आले नाहीत. ‘सांगू नका’ लिहूनही पत्ता कुणालाही दिसेल असा ठेवणं ही बँकेची चूक, आणि माहीत असून नाकारणं त्याहून मोठी, असं बाईंनी लिहिलं. बँकेला दंड झाला, भरपाई द्यावी लागली, चुकीची लेखी कबुली द्यावी लागली, आणि अशा खातेदारांचे पत्ते फोनवरच्या कर्मचाऱ्यांना दिसणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागली.

कार्यालयाचा जिना उतरताना बहीण डोळे पुसत होती. “जिंकलीस ताई. काही वाटतंय का?”

बत्तीशीने खरंच आत शोधून पाहिलं. “नाही गं. पण तुझ्यावर संशय घेतला, ते चुकलं माझं.”

“गाढव आहेस,” बहीण म्हणाली आणि तिचा दंड घट्ट धरला, रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

तळघरातलं काम तिला सोडावं लागलं. मालकांनी दूरच्या एका कारखान्यात शब्द टाकला, तिथे ती रुजू झाली. खातं दुसऱ्या बँकेत उघडलं. नवरा पुन्हा दिसला नाही, पण म्हणून तो येणार नाही असं कुणी सांगू शकत नव्हतं. कामावरून सुटली की ती कधी डावीकडच्या रस्त्याने येते, कधी उजवीकडच्या. बहीण जेवण गरम करून वाट बघते. जेवताना ती कधीकधी मीठ मागते. मधले कित्येक महिने पानातलं अळणी असलं तरी तिने ते मागितलं नव्हतं.